राष्ट्राचें ब्रीद



भोर तालुक्याच्या पश्चिमेस, जेथें पावसाळ्यांत दिवसचे दिवस समोरचा डोंगर दिसत नाहीं आणि भात व नाचणी यांवांचून दुसरें पीक फारसें होत नाहीं, अशा एका खेड्यांतील शाळेंत मी कित्येक वर्षें शिक्षक होतों. एका वर्षीं प्रजासत्ताकदिनाच्या निमित्तानें वरच्या वर्गांतील मुलांचा वादविवाद ठेवावा, असें आम्हीं ठरविलें. विषय मींच दिला होता: राष्ट्राचें ब्रीदवाक्य कोणतें असावें? एका पक्षानें 'सत्यमेव जयते' या प्रचलित ब्रीदाची बाजू घ्यावयाची, दुसऱ्यानें शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरील शब्दांची. एका अंगास रायरेश्वराचें पठार आणि दुसऱ्या अंगास राजगड व तोरणा, अशा मुलुखांत वाढलेलीं तीं मुलें. मुद्रेच्या पक्षाकडे त्यांची गर्दी झाली यांत नवल नव्हतें.

भाषणें पाठ केलेलीं होतीं, आणि टाळ्या जेथें पडावयाच्या तेथें पडल्या. निकाल सांगण्यास मी उठणार, इतक्यांत सातवींतील एक मुलगी उभी राहिली. तिनें कोणत्याच पक्षाकडून नांव दिलें नव्हतें. धरणांत ज्यांची जमीन गेली अशा एका कुटुंबांतील ती होती. ती म्हणाली, "गुरुजी, आमच्या आबांकडे एक कागद आहे. त्याच्यावर सिंहांचें चित्र आहे आणि खालीं सत्यमेव जयते लिहिलें आहे. जमिनीच्या बदल्यांत जमीन मिळेल असें त्यांत आहे. माझ्या जन्माच्या आधींपासून आबा तो कागद घेऊन कचेरींत जातात. सत्यच जिंकतें, तर तें कधीं जिंकतें?"

मीं तिला त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. "प्रश्न चांगला विचारलास, बस," इतकें म्हणून मीं निकाल सांगून टाकला. शिक्षकाच्या तोंडीं हे शब्द बहुधा उत्तर ठाऊक नसलें म्हणजे येतात. आजचें हें भाषण म्हणजे तिला द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर होय. तिच्यासारखा कागद आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल, निदान त्या चिन्हाखालीं सही करणारे तरी आपल्यांपैकीं असतील; म्हणून तें सर्वांसमक्ष द्यावें असें वाटलें.

प्रथम 'ब्रीद' या शब्दाचाच विचार करूं. पूर्वीं वीर अथवा पंडित आपल्या पराक्रमाची वा विद्येची खूण म्हणून पायांत तोडर बांधीत, त्यास ब्रीद म्हणत. तें बांधणें म्हणजे उघड आव्हानच होतें: मी अमुक योग्यतेचा आहें, ज्याला खोटें वाटत असेल त्यानें परीक्षा पाहावी. आमच्या संतांनीं तर प्रत्यक्ष पांडुरंगालाही त्याच्या ब्रीदाच्या पेचांत धरिलें. तूं दीनांचा कैवारी म्हणवितोस, तर मग मी दीन तुझ्या दारीं उभा असतां तूं उगा कां, असा जाब त्यांनीं देवास विचारिला. यांतच ब्रीदाचें मर्म आहे. ब्रीद बांधतो एक, परंतु तें पाळलें गेलें कीं नाहीं हें पाहण्याचा अधिकार दुसऱ्याचा. ज्याचा जाब कोणी विचारूं शकत नाहीं तें ब्रीद नव्हे. ती नुसती बढाई होय. ही कसोटी हातीं घेऊन आपण आपल्या मुलुखांतील एका जुन्या कागदाकडे जाऊं.

भोर तालुक्यांत खेड-शिवापुरानजीक रांझें नांवाचें गांव आहे. या गांवासंबंधींचें २८ जानेवारी १६४६ चें एक पत्र प्रसिद्ध आहे. शिवाजीमहाराजांची संस्कृत राजमुद्रा ज्यांवर आढळते अशा अगदीं आरंभींच्या पत्रांत त्याची गणना होते. महाराजांचा जन्म १६३० चा धरला, तर त्या वेळीं त्यांना सोळा वर्षेंही पुरीं झालेलीं नव्हतीं. गांवचा मोकादम बाबाजी गुजर यानें पाटिलकी करीत असतां 'बदअमल' केला, म्हणून त्यास पकडून आणून त्याचे हातपाय तोडण्यांत आले आणि त्याची पाटिलकी काढून घेण्यांत आली, अशी हकीकत त्यांत आहे. तो बदअमल म्हणजे एका स्त्रीवरील अत्याचार होता, असें लोकपरंपरा सांगते.

शिक्षेचा हा प्रकार त्या काळचा आहे. आजचा कायदा तो मान्य करणार नाहीं आणि करूंही नये. पण ही मुद्रा कोणाविरुद्ध उठली इकडे लक्ष द्या. ती परचक्राविरुद्ध उठली नाहीं. ज्याच्या हातीं गांवचा कारभार होता, जो राज्याचाच एक लहानसा हात होता, त्या पाटलाविरुद्ध ती उठली. आपल्याच माणसानें आपल्याच रयतेवर केलेल्या अन्यायाचा निवाडा त्या कागदावर आहे.

आतां मुद्रेचे शब्द पाहूं. शहाजीराजांच्या आणि जिजाबाईंच्या मुद्रा फारसी होत्या. शिवाजीमहाराजांनीं मात्र संस्कृताचा अवलंब केला. तेव्हां भाषेची निवड हाही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. मुद्रेचा आशय असा कीं, प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणें वाढत जाणारी आणि विश्वानें वंदिलेली ही शहाजीपुत्र शिवाजीची मुद्रा कल्याणासाठीं शोभते. आमच्या वादविवादांत मुलांनीं 'वर्धिष्णु' या शब्दावर आणि 'विश्ववंदिता' या शब्दावर मोठ्या आवेशानें भर दिला. राज्य वाढेल, जग वंदन करील, हें कोणास आवडणार नाहीं? 'भद्राय' हा शब्द मात्र सर्वांनीं घाईनें उरकला. वस्तुतः त्या वाक्याचा भार त्याच शब्दावर आहे. ही चतुर्थी विभक्ति. 'स, ला, ना, ते' असे प्रत्यय घोकतांना आपण शिकलेले असतों कीं, देणें ज्याच्याकडे जातें त्याची ही विभक्ति. मुद्रा शोभते, पण कशासाठीं? कल्याणासाठीं. तो एक शब्द काढून घेतला तर उरलेलें वाक्य कोणत्याही विजेत्याच्या ध्वजावर चालेल. तो शब्द ठेवला कीं रांझ्याच्या पाटलासही विचारतां येतें, तुझ्या कारभारानें कोणाचें भद्र झालें?

आणखी एक लहानसा तपशील आहे. महाराजांच्या पत्रांच्या शेवटीं दुसरी एक छोटी मुद्रा असे. तिच्यावर अवघे दोन शब्द: 'मर्यादेयं विराजते'. मजकूर येथें संपला, याखालीं कोणीं कांहीं घालूं नये, एवढाच तिचा व्यावहारिक हेतु. तथापि आरंभीं भद्र आणि अखेरीस मर्यादा, अशा दोन शब्दांमध्यें राजाची आज्ञा बसविलेली पाहून मला नेहमींच समाधान वाटत आलें आहे. सत्तेला हेतु हवा आणि सीमाही हवी.

ही गोष्ट तीन-साडेतीन शतकांपूर्वींच्या राजाची झाली. लोकराज्यास तिचा काय उपयोग, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर महाराष्ट्र राज्याच्या मुद्रेंतच आहे. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. त्या राज्याच्या मुद्रेवर तोच श्लोक थोडा बदलून घेण्यांत आला आहे. चंद्रकोर तीच, वर्धिष्णु आणि विश्ववंदिता हीं विशेषणें तींच, आणि 'भद्राय' हा शब्दही जेथल्या तेथें. बदलली ती केवळ षष्ठी विभक्ति. जेथें शहाजीपुत्र शिवाजीची मुद्रा असें होतें, तेथें महाराष्ट्र राज्याची मुद्रा असें आलें. व्याकरणदृष्ट्या फरक लहान, पण राज्यशास्त्रदृष्ट्या केवढा मोठा! मुद्रा आतां एका पुरुषाची राहिली नाहीं. तिचा मालक बदलला, तिचा हेतु मात्र तोच राहिला. ज्यांनीं हा बदल योजिला त्यांनीं शब्दांचें तारतम्य उत्तम जाणलें, असें मी म्हणेन.

आपल्या भोर संस्थानाच्या इतिहासांतही अशीच षष्ठी बदलली आहे. पंतसचिवांचें हें संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं इतर दक्षिणी संस्थानांबरोबर मुंबई प्रांतांत विलीन झालें. कालपर्यंत जे पंतसचिवांचे प्रजाजन, ते पुढें भारताचे नागरिक झाले. परंतु रयत या नात्यानें अर्ज करण्याची जी संवय पिढ्यान् पिढ्या अंगीं मुरली होती, ती एका तारखेनें कशी जावी? त्या मुलीचे आबा कचेरीच्या दारांत उभे राहत ते अजून बरेचसे रयतेसारखेच. हातांतील कागदावरचें ब्रीद आपलें आहे, त्याचा जाब आपण विचारूं शकतों, हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. सांगण्याचें काम माझें होतें.

आतां 'सत्यमेव जयते' या वचनाकडे वळूं. तें मुंडकोपनिषदाच्या तिसऱ्या मुंडकांतील. पंडित मदनमोहन मालवीय यांनीं स्वातंत्र्याच्या चळवळींत त्याचा प्रसार केला, आणि २६ जानेवारी १९५० रोजीं सारनाथच्या अशोकस्तंभाचें सिंहशीर्ष आपलें राजचिन्ह झालें, तेव्हां तें त्याखालीं देवनागरी लिपींत विराजमान झालें. सिंह असले आणि हे शब्द नसले, तर तें चिन्ह अपुरें समजलें जातें. सिंहांचा दरारा सत्यावांचून मान्य नाहीं, असा मी त्याचा अर्थ घेतों.

या दोन शब्दांवर विद्वानांनीं पुष्कळ खल केला आहे. पहिला वाद क्रियापदाचा. पाणिनीच्या नियमाप्रमाणें 'जि' धातूचें रूप 'जयति' असें व्हावयास पाहिजे. 'वि' अथवा 'परा' उपसर्ग लागला म्हणजे मात्र 'विजयते', 'पराजयते' होतें. म्हणून 'जयते' हें आर्ष रूप मानावें लागतें, आणि कांहीं प्रतींत 'जयति' असाही पाठ मिळतो. दुसरा वाद याहून महत्त्वाचा आहे. 'सत्यम्' हें नपुंसकलिंगी रूप प्रथमेचें तसेंच द्वितीयेचेंही. प्रथमा घेतली तर सत्य जिंकतें, असा अर्थ होतो. द्वितीया घेतली तर सत्य हें जिंकून घ्यावयाची वस्तु ठरते, आणि ऋषि सत्यालाच जिंकून घेतो, असत्याला नव्हे, असा अर्थ निघतो. कांहीं अभ्यासकांनीं तोही पुढें मांडला आहे.

माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसानें या वादांत निकाल देणें शोभणार नाहीं. परंतु आद्य शंकराचार्यांनीं या ठिकाणीं भाष्यांत जें म्हटलें आहे, तें माझ्यासारख्यालाही कळण्याजोगें आहे. ते म्हणतात, येथें सत्य म्हणजे सत्यवान् मनुष्य समजावा. कारण कोणा माणसाचा आश्रय नसलेल्या नुसत्या सत्याला जय नाहीं आणि नुसत्या असत्याला पराजय नाहीं. सत्य बोलणारा जिंकतो, खोटें बोलणारा हरतो.

हें भाष्य मीं प्रथम वाचलें तेव्हां ती सातवींतील मुलगी माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली. सत्य कधीं जिंकतें, असें तिनें विचारलें होतें. बाराशें वर्षांपूर्वींच्या आचार्यांचें उत्तर असें कीं, बाळ, तें एकटें कधींच जिंकत नाहीं. त्या कागदावर छापलेलें सत्य कचेरीच्या पायऱ्या चढत नाहीं, टेबलावरची फाईल पुढें सरकवीत नाहीं, मोजणीची सांखळी ओढीत नाहीं. तें काम करणारा कोणी खरा माणूस भेटेपर्यंत तें वाट पाहत बसतें. तेव्हां ब्रीदवाक्य ही भविष्यवाणी नव्हे. तें प्रत्येक वाचणाऱ्याला आणि विशेषतः प्रत्येक सही करणाऱ्याला घातलेलें बंधन आहे.

शब्दांची अशीच चिकित्सा आपल्या संविधानाच्या उद्देशिकेच्या वेळीं झाली होती. १७ ऑक्टोबर १९४९ रोजीं संविधानसभेंत त्या सरनाम्यावर चर्चा झाली. हरि विष्णु कामत यांनीं दुरुस्ती सुचविली कीं, आरंभ 'ईश्वराच्या नांवानें' असा असावा. शिब्बनलाल सक्सेना यांना ईश्वराबरोबर महात्मा गांधींचेंही स्मरण हवें होतें. तर ब्रजेश्वर प्रसाद यांचें म्हणणें असें कीं, हें संविधान गांधींच्या तत्त्वांवर रचलेलें नाहीं, म्हणून त्यांचें नांव त्यांत गोंवूं नये. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू उठले. ते स्वतः नास्तिक नव्हते. त्यांनीं एवढेंच दाखवून दिलें कीं, ज्या सरनाम्यांत प्रत्येकाला श्रद्धेचें आणि उपासनेचें स्वातंत्र्य दिलें आहे, त्याच्याच आरंभीं एका श्रद्धेची सक्ति करणें विसंगत होईल. अखेर मतें घेतलीं गेलीं. दुरुस्तीच्या बाजूनें ४१ आणि विरुद्ध ६८. आरंभ 'आम्ही भारताचे लोक' असाच राहिला.

या निकालानें कोणाचा देव कोणीं हिरावून घेतला नाहीं. पद स्वीकारतांना ज्याला ईश्वरसाक्ष शपथ घ्यावयाची त्यानें ती घ्यावी, ज्याला गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावयाची त्यानें ती करावी, अशी मोकळीक संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचींतच आहे. व्यक्तीच्या ओठीं ईश्वर राहिला; राष्ट्राच्या मुखीं 'आम्ही' हा शब्द आला. आणि 'आम्ही' म्हटलें कीं जाब देणारे आणि जाब विचारणारे दोघेही आम्हीच, हें ओघानें आलें. त्याच चर्चेंत आचार्य कृपलानी यांनीं बजावलें कीं, हीं केवळ कायद्याचीं आणि राजकारणाचीं तत्त्वें नव्हेत, तीं नीतीचीं तत्त्वें आहेत, आणि नित्याच्या जीवनांत तीं उतरलीं नाहींत तर कागदावर राहतील. शंकराचार्यांच्या भाष्याचा तो जणूं आधुनिक अनुवादच होता.

त्या सरनाम्यांतील एका शब्दाची जन्मकथा महाराष्ट्रानें विशेष लक्षांत ठेवावी अशी आहे. तो शब्द म्हणजे 'बंधुता'. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरच्या दिवसांत आपल्याकडे पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं. फाळणीच्या कत्तलींच्या जखमा तर देशभर ओल्याच होत्या. त्याच फेब्रुवारींत डॉ. आंबेडकर यांच्या मसुदा समितीनें सरनाम्यांत बंधुता हा शब्द घातला, आणि अशा ऐक्यभावाची गरज आजच्याइतकी पूर्वीं कधींही नव्हती, असें कारण दिलें. घरें जळत असतां तो शब्द लिहिला गेला, ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे तो त्याला शोभेचा शब्द म्हणणार नाहीं. पुढें ३ ऑक्टोबर १९५४ रोजीं डॉ. आंबेडकर नभोवाणीवरूनच बोलतांना म्हणाले कीं, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हीं तत्त्वें आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनीं घेतलेलीं नाहींत. तीं आपले गुरु भगवान् बुद्ध यांच्या शिकवणुकींतून घेतलीं आहेत.

शब्दांचे वाद येथेंच थांबले नाहींत, आणि थांबूंही नयेत. १९७६ सालीं बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें सरनाम्यांत समाजवादाचा आणि धर्मनिरपेक्षतेचा उल्लेख आला. तो तेथें असावा कीं नसावा यावर वाद चालू राहिला. २०२४ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. आणखी गंमत अशी कीं, मराठी पाठांत 'धर्मनिरपेक्ष' असा शब्द आहे, तर हिंदी पाठांत 'पंथनिरपेक्ष'. आपल्या बोलण्यांत धर्म म्हणजे कर्तव्यही आणि संप्रदायही. राज्यानें कोणत्याही पंथाची बाजू घेऊं नये हें खरें, पण कर्तव्यनिरपेक्ष राज्य कोणाला हवें आहे? तेव्हां शब्दाची निवड करतांना त्याच्या मागें उभ्या असलेल्या सर्व अर्थांचा विचार करावा लागतो.

परदेशांतही हाच अनुभव आहे. फ्रान्समध्यें स्वातंत्र्य, समता, बंधुता हें ब्रीद. परंतु १९४० सालीं जर्मनांपुढें शरणागति पत्करून जें व्हिशी सरकार स्थापन झालें, त्यानें तें काढून 'श्रम, कुटुंब, पितृभूमि' असे तीन शब्द घातले. यांतील कोणता शब्द वाईट आहे? एकही नाहीं. पण नागरिकाला ज्यांच्या आधारें सरकारला जाब विचारतां येत होता ते तीन शब्द गेले, आणि सरकारला ज्यांच्या आधारें नागरिकाकडे मागणी करतां येते असे तीन आले. १९४४ सालीं फ्रान्स मुक्त झाल्यावर जुनें ब्रीद परत आलें. अमेरिकेच्या मुद्रेवर १७८२ पासून 'अनेकांतून एक' अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. १९५६ सालीं 'ईश्वरावर आमचा विश्वास आहे' हें वाक्य कायद्यानें त्या राष्ट्राचें ब्रीदवाक्य ठरविण्यांत आलें. आपल्या संविधानसभेनें जो प्रश्न ४१ विरुद्ध ६८ मतांनीं एका बाजूनें सोडविला, तो त्यांनीं सात वर्षांनीं दुसऱ्या बाजूनें सोडविला. दोन्हीं निर्णयांचे परिणाम ज्याच्या त्याच्या समाजाला भोगावे लागतात.

एवढ्यावरून ब्रीदवाक्याची परीक्षा कशी करावी, हें माझ्या मतें स्पष्ट होतें. नवें ब्रीद कोणीं सुचविलें, जुनें बदला असें कोणीं म्हटलें, तर तें किती तेजस्वी आहे हें आधीं पाहूं नये. गांवांतल्या सर्वांत दुबळ्या माणसाला तें हातांत धरून कचेरींत जातां येईल काय, हें पाहावें. 'भद्राय' या कसोटीला उतरतो. 'बंधुता' उतरतो. 'सत्यमेव जयते' हेंही उतरतें, मात्र शंकराचार्यांच्या अर्थानें घेतलें तरच.

येथें कोणी म्हणेल, गुरुजी, शब्दांत काय आहे? कागदावर सत्य आणि कारभारांत असत्य, असेंच चालावयाचें असेल तर सुंदर ब्रीद हें ढोंगाचें पांघरूण ठरतें. हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु विचार करा, त्या मुलीनें प्रश्न विचारला तो कशाच्या बळावर? कागदाच्या माथ्यावर ते दोन शब्द होते म्हणून. ते नसते तर तिच्या आबांची हकीकत ही एक दुःखाची हकीकत राहिली असती. ते होते म्हणून ती तक्रार झाली. ब्रीद पाळलें न जाणें वाईट, परंतु मोडलें जाण्यासाठीं ब्रीदच नसणें याहून वाईट.

आतां एक गोष्ट सांगतों आणि पुरें करतों. ती सांगण्यास मला संकोच वाटतो, परंतु सत्यावर भाषण करून ती लपविणें बरें नव्हे. त्याच प्रजासत्ताकदिनीं वादविवादानंतर बक्षिसें वाटलीं गेलीं. वर्षभर उत्तम उपस्थितीचें बक्षीस हजेरीपटावरून काढलें होतें, तें एका धनगराच्या मुलाला मिळालें. घटकाभरानें तो वही आणि पेन्सिल परत घेऊन आला. "गुरुजी, हें माझें नव्हे," तो म्हणाला. "मी भातलावणीला पंधरा दिवस आलों नव्हतों." त्या बिचाऱ्याला वाटलें, हिशेबांत चूक झाली असेल. चूक झाली नव्हती. लावणीच्या दिवसांत निम्मी शाळा खाचरांत असे. पट घसरला तर शिक्षकाची एक जागा जाईल, मग सात वर्गांचें काय, या भीतीनें गैरहजर मुलांच्या नांवापुढें मीं स्वतः हजेरी मांडीत असें. हेतु मुलांच्या कल्याणाचा होता, असें मीं मनाला समजावीत आलों होतों. सकाळीं ज्या तोंडानें मीं 'सत्यमेव जयते' या पक्षाचीं भाषणें तपासलीं, त्याच माणसाची ती सही होती. त्या मुलीचे आबा ज्या टेबलापुढें वर्षानुवर्षें उभे होते, त्याच्या पलीकडे बसलेला मनुष्य माझ्याहून फार निराळा नसावा, हें मला तेव्हां कळलें. त्यालाही कांहीं कारण असेल, कोणाची तरी भीति असेल.

वही मीं परत घेतली. पुढच्या वर्षापासून लावणीच्या दिवसांत खरी हजेरी मांडली, आणि त्या दिवसांपुरती शाळेची वेळ बदलून द्यावी असा अर्ज वर पाठविला. पट कां घसरला याचा जाब मला द्यावा लागला. तो देतांना भीति वाटली, पण मागच्या वर्षांची लाज त्याहून मोठी होती. त्या मुलीच्या आबांबरोबर मी एका रविवारीं त्यांचा कागद वाचीत बसलों. गट नंबर एका ठिकाणीं चुकीचा पडला होता. नवा अर्ज मीं लिहिला, आणि पुढें तीन वेळां त्यांच्याबरोबर कचेरींतही गेलों. तेथें एका तरुण कारकुनानें जुनीं दप्तरें काढून तो गट नंबर शोधून दिला. जमीन अखेर मिळाली. जेवढी हवी होती तेवढी नाहीं, पण मिळाली.

तेव्हां मुली, आतां तूं मोठी झाली असशील आणि हें भाषण कोठें तरी ऐकत असशील, तर तुझ्या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे. ज्या दिवशीं त्या कारकुनानें दप्तर काढलें, त्या दिवशीं तें थोडें जिंकलें. ज्या दिवशीं तो मुलगा वही परत घेऊन आला, त्या दिवशीं तें जिंकलें. आणि मीं हजेरीपटावर खोटी खूण केली त्या प्रत्येक दिवशीं, माझ्यापुरतें, तें हरलें होतें.